चढ आणि एक बिंदू

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत स्नेहसंमेलन, सहली, क्रीडादिन यांच्या आठवणी पुष्कळ येतील. मला लिहायचे आहे ते आमच्या गणिताच्या बाईंच्या एका तासाविषयी.

विषय होता रेषेचे समीकरण. चढ दिला आहे, रेषेवरचा एक बिंदू दिला आहे, समीकरण काढा. सूत्र पुस्तकात चौकटीत छापलेले होते, पण बाईंनी पुस्तक उघडूच दिले नाही. त्यांनी फळ्यावर आमचा ब्रागांझा घाट काढला. गोव्यातल्या कुळेंहून कर्नाटकातल्या कॅसलरॉककडे जाणारा तो लोहमार्ग १८८० च्या दशकात बांधला गेला. चढ ३७ ला १, म्हणून गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात.

"३७ मीटर पुढे, १ मीटर वर. आता सांगा, रूळ नेमका कुठून जातो?"

कोणाला सांगता येईना. त्याच चढाच्या, एकमेकींना समांतर अशा रेषा हव्या तेवढ्या काढता येतात. मग बाईंनी खडूने एक ठिपका दिला. "ह्याच्यातून जातो. कळ्ळें मूं?" (कळले ना?) बाकीच्या सगळ्या रेषा बाद झाल्या, एकच उरली.

सूत्र त्यानंतर आले. दिलेला बिंदू (क्ष१, य१). रेषेवरचा दुसरा कोणताही बिंदू (क्ष, य). उभा फरक भागिले आडवा फरक म्हणजे चढ, आणि सरळ रेषेवर तो सगळीकडे सारखाच, म. म्हणून (य − य१) ÷ (क्ष − क्ष१) = म. छेद पलीकडे नेला की य − य१ = म(क्ष − क्ष१). चढाच्या व्याख्येपलीकडे यात काहीही नवे नाही! छेद का हलवायचा, तेही बाईंनी सांगितले: भागाकाराच्या रूपात खुद्द दिलेला बिंदू घातला तर शून्य भागिले शून्य होते, गुणाकारात मात्र तो बिनबोभाट बसतो. इतके बारीक सांगणारे शिक्षक मला पुढे फार थोडे भेटले.

चढ २, बिंदू (३, ४). य − ४ = २(क्ष − ३), म्हणजे य = २क्ष − २. लगेच क्षच्या जागी ३ घालून ४ येतात का ते पाहायचे. हा पडताळा नसेल तर बाई वही तपासत नसत. उभ्या रेषेला चढच नाही, तिथे नुसते क्ष = ३ लिहायचे.

पुढे मी रस्त्यांच्या कामावर लागलो. चेनेज, म्हणजे रस्त्याच्या आरंभापासूनचे अंतर, १०० मीटर; तिथे आर.एल., म्हणजे ठरलेल्या पातळीपासूनची उंची, २४.००० मीटर; ग्रेडियंट, म्हणजे चढ, ४० ला १ चढता. मग चेनेज १८० ला किती? ८० मीटर पुढे, म्हणजे २ मीटर वर: २६.०००. एक बिंदू आणि चढ, दुसरे काय! आता हे आकडे संगणक देतो. तरी नव्या इंजिनियर मुलांकडून मी एक-दोन चेनेज हाताने काढून घेतो.

आज शाळेत गणित शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. सूत्राची चौकट आधी दाखवू नका. नुसता चढ देऊन मुलांना रेषा काढायला सांगा, आणि प्रत्येकाची वेगळी आली की मगच फळ्यावर ठिपका द्या.