भर वैशाखात डोळ्याला शेक

आखाजी झाली तरी लग्नसराई काही संपत नाहीये, आज पण सकाळपासून मशीनवरच होते आणि अमळनेरात ऊन असं की दुपारी गल्लीत चिटपाखरू नाही. या वहीत एरवी मी हिशोब आणि कोणाचं काय शिवायचं राहिलंय तेच लिहिते, पण डोळ्यांचं एकदा सविस्तर लिहून काढायचं हे कधीपासून मनात होतं. आज एक बाई अस्तराचे ब्लाऊज टाकायला आली आणि तिच्या पापण्यांच्या कडा बघून मला लगेच ओळखू आलं. लालसर, जाड झालेल्या, आणि केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे कण चिकटलेले. ती म्हणे उष्णता झालीय ताई, धन्याचं पाणी घेतेय. मी विचारलं कधीपासून, तर म्हणे लग्नाच्या आधीपासून. एवढी वर्षं कोणाला उष्णता होते का हो? हातातलं काम बाजूला ठेवून मी तिला सगळं सांगत बसले, आणि जे तिला सांगितलं तेच इथे उतरवतेय.

याला डॉक्टर ब्लेफरायटिस म्हणतात. पापणीच्या कडेला येणारी सूज, आणि ती जुनाट असते म्हणजे गेली असं वाटतं आणि परत येते. माझं असं व्हायचं की सकाळी डोळे उघडायला जावं तर केस चिपडांनी चिकटलेले, दिवसभर डोळ्यात रेती गेल्यागत खुपायचं, संध्याकाळी सुईत दोरा ओवताना धूसर दिसायचं, दोन-चारदा पापण्या मिटल्या की परत नीट. मधूनच रांजणवाडी व्हायची, एक बसली की दुसरी. आणि डोळ्यातून पाणी तर इतकं यायचं की गिऱ्हाईक विचारायचं, ताई रडताय का. धुळ्याच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी त्या मशीनला हनुवटी टेकवून बघितलं आणि म्हणाले, डोळे कोरडे आहेत. मला पटेचना, पाणी गळतंय आणि कोरडे कसे? तेव्हा त्यांनी जे समजावलं ते मला फार आवडलं, कारण एकदा कारण कळलं की रोजचं काम करायला कंटाळा येत नाही.

आपल्या अश्रूंवर वरून तेलाचा एक पातळ थर असतो. ते तेल पापणीच्या कडेतल्या बारीक ग्रंथींमधून येतं, वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० ग्रंथी असतात, केसांच्या आतल्या बाजूला एका रांगेत त्यांची तोंडं. माइबोमियन ग्रंथी म्हणतात त्यांना, हाइनरिक माइबोम नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १६६६ मध्ये त्यांचं वर्णन लिहून ठेवलं म्हणून, हे भाच्याने मोबाईलवर शोधून सांगितलं. आता या ग्रंथीतलं तेल चांगलं पातळ असलं की डोळा मिटला-उघडला की आपोआप पसरतं. पण सूज असली की ते तेल घट्ट होतं, थंडीत डब्यात तूप थिजतं ना तसं, आणि तोंडाशीच अडकून बसतं. तेल नाही म्हणून अश्रू भराभर उडून जातात, डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो, आणि चुरचुरला की वरच्या मोठ्या ग्रंथीतून भसाभसा पाणी येतं. ते पाणी नुसतंच वाहून जातं, डोळ्याला त्याचा उपयोग नाही. म्हणून पाणी गळणारा डोळाही कोरडा असू शकतो.

मग उपाय काय, तर थिजलेलं पातळ करायचं. म्हणजे शेक.

इथेच घरात सगळ्यांशी वाद. सासूबाई मला रोज संध्याकाळी बघतात आणि रोज म्हणतात, इतला उन्हायामा डोयास्ले शेक काब्र लेस वं माय? त्यांचंही बरोबर आहे, बाहेर ४४ अंश, पत्रा रात्री दहापर्यंत निवत नाही, आणि ही सून गरम पिशवी डोळ्यावर ठेवून बसते. आपल्याकडे डोळा लाल झाला की पहिलं काय तर थंडावा, काकडीच्या चकत्या ठेवा, गुलाबपाणी घाला, दुधाच्या पट्ट्या ठेवा. थंडाव्याने खाज घडीभर कमी होते हे खरं, पण अडकलेलं तेल त्याने सुटत नाही. आणि बाहेरचं ऊन कितीही तापलं तरी त्याने हे काम होत नाही कारण घाम येऊन कातडी आपलं तापमान धरून ठेवते, उलट ती कोरडी झळ अश्रू अजून उडवते. तेल सुटायला पापणीलाच धरून साधारण ४० अंशाच्या आसपास ऊब ५ ते १० मिनिटं सलग लागते. नुसता गरम पाण्यात पिळलेला कपडा मिनिटभरात गार होतो म्हणून तो परत परत बुडवावा लागतो, आणि त्यातच लोक कंटाळून सोडून देतात.

मी शिवणकाम करणारी, मी मांजरपाटाची छोटी पिशवी शिवली, दोन्ही डोळ्यांवर बसेल एवढी, आत जवस भरलं आणि चारी बाजूंनी डबल शिलाई मारली. वर उशीसारखा अभ्रा, तो रोज धुवायचा, सुकवायचा. जवस का तर दाणा गुळगुळीत आणि बारीक, डोळ्याच्या खोबणीत नीट बसतो, आणि ऊब बराच वेळ टिकते. संध्याकाळी कळण्याच्या भाकरी झाल्या की गॅस बंद करायचा, तवा जरा निवू द्यायचा, मग त्यावर पिशवी उलटसुलट करून तापवायची. तवा फार तापलेला असला तर कापड करपतं आणि आतले दाणे एका जागी जास्त तापतात म्हणून पिशवी चांगली हलवून घ्यायची आणि आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची, तिथे हवीहवीशी वाटली तरच डोळ्यावर, चटका वाटला तर थांबायचं. पापणीची कातडी फार पातळ असते, तिथे घाई नको. खाली ओला पिळलेला स्वच्छ रुमाल ठेवला तर अजून छान.

शेक झाला की लगेच, ऊब आहे तोवरच, बोटाने हलकेच मालिश. वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, म्हणजे दोन्हीकडून केसांच्या दिशेने. बुबुळावर दाब द्यायचा नाही. मग सफाई. उकळून गार केलेलं वाटीभर पाणी, त्यात बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब, कापसाचा बोळा किंवा इयरबड बुडवून पिळायचा, डोळा मिटून केसांच्या मुळाशी आडवं आडवं पुसायचं. प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. नंतर साध्या पाण्याने धुवायचं. काहींना बेबी शाम्पूने अजून कोरडं होतं, त्यांनी मेडिकलमध्ये पापण्या पुसायचे तयार वाइप्स मिळतात ते घ्यावेत, महाग पडतात खरे. मी सणासुदीला गावी जाताना तेच नेते, कारण तिथे चुलीवर खापराच्या पुरणपोळ्या करायला बसलं की धुराने डोळे भरतात आणि पाणी उकळत बसायला वेळ कोणाला.

सुरुवातीला हे सकाळ-संध्याकाळ करायचं, आराम पडला की दिवसातून एकदा चालतं पण बंद करायचं नाही. हा आजार मुळापासून जात नाही, तो हातात ठेवावा लागतो, आणि मला वाटतं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी हे स्पष्ट सांगितलं म्हणून मी टिकले. नाहीतर आठ दिवसात फरक नाही म्हणून लोक दुसरा डॉक्टर, तिसरा डॉक्टर करत फिरतात. फरक पडायलाच काही आठवडे जातात.

डोक्यातल्या कोंड्याचाही याच्याशी संबंध असतो हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी डोकं बघितलं, भुवया बघितल्या, आणि कोंड्याचा औषधी शाम्पू लिहून दिला. काहींच्या पापण्यांत डेमोडेक्स नावाचे किडेही जास्त झालेले असतात, मिलीमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे, साध्या डोळ्याला दिसत नाहीत, केसाच्या मुळाशी बांगडीसारखा पांढुरका कण दिसला तर डॉक्टर त्याचा विचार करतात. किडे म्हटलं की अंगावर काटा येतो पण बहुतेक मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर ते थोडेफार असतातच, त्यात अस्वच्छपणाची लाज वाटण्यासारखं काही नाही. यावर टी ट्री तेलाचा उपाय सगळीकडे सांगतात. ते तेल नुसतं डोळ्याजवळ लावायचं नाही, कधीच नाही, बुबुळाला जळजळ आणि इजा होते. त्याची डोळ्यासाठी केलेली पातळ औषधं असतात, ती डॉक्टरांना विचारूनच.

आता काजळ. हे लिहिताना मला वाईट वाटतं कारण आमच्याकडे एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी धरून काजळ पाडायची सासूबाईंची हौस, आणि त्या प्रेमाने करतात. पण काजळ आपण कडेच्या आत ओढतो, नेमकं ग्रंथींच्या तोंडावर, म्हणजे तोंडं अजून बुजतात. सुरमा तर त्याहून वाईट, बऱ्याच सुरम्यात शिसं असतं. मी सासूबाईंना सांगितलं की माझ्या तळपायाला लावा, दृष्ट लागायची नाही, डोळ्याला नको. त्यांनी ऐकलं. मध, अंगावरचं दूध, त्रिफळ्याचं पाणी, गुलाबपाणी, या कशाचाच थेंब डोळ्याच्या आत घालू नये, ते निर्जंतुक नसतं आणि आधीच सुजलेल्या डोळ्याला जंतू लागला तर बुबुळावर जखम होते. पोटात काय घ्यायचं ते घ्या, डोळ्यात नको.

आणि सगळ्यात कळकळीने लिहायचं ते थेंबांचं. आमच्या शेजारच्या वहिनींना एका मेडिकलवाल्याने लाल डोळ्याला ड्रॉप दिला, दोन दिवसात लाली गायब, मग लाल झालं की तोच ड्रॉप, असं कितीतरी महिने. तो स्टेरॉइडचा ड्रॉप होता. स्टेरॉइड डॉक्टर पण देतात पण थोडे दिवस आणि डोळ्याचं प्रेशर तपासत. आपल्या मनाने चालू ठेवला तर प्रेशर वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. वहिनींचं प्रेशर वेळेत लक्षात आलं. चिठ्ठी नसताना लाल डोळ्याचा ड्रॉप मागू नका आणि कोणी दिला तर घेऊ नका, मी भेटेल त्याला हे सांगते.

खाण्याचं सगळे विचारतात. जवस डोळ्याला चांगलं, मासळीच्या तेलाच्या गोळ्या घ्या, असं मलाही सांगितलेलं. पण अमेरिकेत पाचशेच्या वर लोकांवर वर्षभर तपासून बघितलं, २०१८ मध्ये छापून आलं, कोरड्या डोळ्यांना मासळीच्या तेलाने आणि नुसत्या ऑलिव्ह तेलाने जवळजवळ सारखाच फरक पडला. म्हणून मी गोळ्यांवर पैसे घालत नाही. जवसाची चटणी मात्र खाते, भाकरीवर तेल घालून, ती चव मला आवडते म्हणून.

मशीनवर बसणाऱ्यांसाठी अजून एक. टाक्यावर नजर लावली की आपण पापण्या मिटायचंच विसरतो, मिटल्या तरी अर्ध्याच, आणि पूर्ण मिटल्याशिवाय तेल पसरत नाही. मी एक बाही लागली की सुई वर करते, डोळे दोन-तीनदा सावकाश पूर्ण मिटते, खिडकीतून लांब बघते, मग दुसरी बाही. कूलर आधी समोर होता, तो झोत थेट तोंडावर यायचा, आता बाजूला फिरवलाय, कापडं उडतात थोडी पण डोळे शांत असतात. ओव्हरलॉक करताना दोऱ्याचा भुगा उडतो तेव्हा चष्मा. गाडीवर जाताना पण चष्मा, नंबर असो नसो.

कधी घरच्या उपायांवर थांबू नये तेही लिहून ठेवते. डोळा दुखायला लागला, उजेड सहन होईना, नजर कमी झाली आणि मिटून-उघडूनही नीट होईना, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि एकाच पापणीवर त्याच जागी गाठ परत परत येत असेल, तिथले केस झडत असतील, विशेषतः वय झालेल्या माणसाला, तर ती रांजणवाडी समजून शेकत बसू नका, क्वचित ती पापणीच्या कॅन्सरची सुरुवात असते, तुकडा काढून तपासावा लागतो. आमचे सासरे तसल्या गाठीला कुंकू लावून बसले होते, मी हट्टाने नेलं. त्यांची साधीच निघाली, छोटं ऑपरेशन झालं, पण दाखवलं ते बरं झालं.

आता वैशाखातली सखाराम महाराजांची यात्रा, बोरीच्या पात्रात पाळणे लागतील, रेती उडेल, सगळ्यांना जायचंय. मी जाणार, चष्मा लावून, आणि आल्यावर पोरांचे डोळे आधी साध्या पाण्याने धुवून मगच जेवायला वाढणार. त्या ब्लाऊजवाल्या बाईला शुक्रवारी कपडे न्यायला बोलावलंय, तोवर तिच्यासाठी एक जवसाची पिशवी शिवायचीय, मांजरपाट उरलंय तेवढं. स्वतःची वेगळी ठेव आणि टॉवेल पण वेगळा ठेव हे तिला सांगायचं राहिलं, ते पिशवी देताना सांगेन.