‘सेव्ह?’ या प्रश्नाशी थांबलेली स्क्रिप्ट

इंदूर, देवास, उज्जैन, धार, खंडवा अशा ठिकाणी शाखा असलेल्या एका वित्तसंस्थेचे नेटवर्क इंदूरच्या विजयनगरातील आमच्या कचेरीतून सांभाळले जाते. सर्व राउटरांवरील टेलनेट (दूरच्या यंत्रात शिरून आज्ञा देण्याची जुनी पद्धत) बंद करून केवळ एसएसएच (तेच काम सांकेतिक भाषेत, सुरक्षितपणे करणारी पद्धत) चालू ठेवावे, असा शेरा लेखापरीक्षणात आला, आणि तो रास्तच होता. टेलनेटचे प्रमाणित मानक १९८३ सालचे. त्यात पासवर्डसुद्धा उघड्या अक्षरांत जातो. हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर अशीच पासवर्डचोरी झाल्यावर तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिले. आमच्याकडे मात्र हे काम इतकी वर्षे ‘पुढच्या तिमाहीत’ ढकलले जात होते, कारण दीडशेच्या आसपास राउटरांवर एकेक करून हाताने आज्ञा देण्याचा कोणालाच उत्साह नव्हता.

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि नेटवर्कच्या यंत्रांना आज्ञा पाठवणारे तिचे नेटमिको हे साधन यांच्या साहाय्याने स्क्रिप्ट (आज्ञा आपोआप देणारा छोटा प्रोग्रॅम) लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. आज्ञा पाठवणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग होता. उत्तर वाचणे अवघड. सिस्को राउटर चुकीच्या आज्ञेवर अडून बसत नाही, टक्केचिन्हाने सुरू होणारी एक ओळ छापून पुढची आज्ञा स्वीकारतो. रंगीत तालमीत आम्ही कचेरीतल्या जुन्या राउटरवरचे डोमेन-नेम (त्याच्या नावाला जोडलेले नेटवर्कचे नाव) मुद्दाम काढून पाहिले. एसएसएचची किल्ली (सांकेतिक भाषेसाठी लागणारी मोठी गुप्त संख्या) तयार करण्याची आज्ञा देताच त्याने ‘आधी डोमेन-नेम द्या’ एवढे सुनावले, आणि टेलनेट बंद करण्याची पुढची आज्ञा मात्र निमूटपणे पाळली. किल्ली नसल्यामुळे एसएसएच सुरू नाही, टेलनेट तर बंद; म्हणजे त्या राउटरवर जाण्याचा दूरचा रस्ताच उरला नाही. त्यामुळे टक्केचिन्हाची कोणतीही ओळ दिसली की स्क्रिप्टने तेथेच थांबावे असे ठरले. किल्ली २०४८ बिटांची ठेवली होती, आणि ती तयार करताना जुने राउटर बराच वेळ गप्प बसतात. त्यासाठी वाट पाहण्याची मुदतही वाढवावी लागली.

दुसरे संरक्षण ‘रीलोड इन १५’ या आज्ञेचे होते. बदल करण्यापूर्वी राउटरला पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू होण्यास सांगायचे, बदल करायचे, वेगळ्या जोडणीने एसएसएचमधून आत जाऊन पाहायचे आणि जाता आले तरच रीलोड रद्द करून कॉन्फिगरेशन (राउटरच्या सगळ्या सेटिंग्ज) साठवायचे. जाता आले नाही, तर स्क्रिप्टने काहीही दुरुस्त करू नये; राउटर आपोआप जुन्या साठवलेल्या कॉन्फिगरेशनवर परत येईल.

रविवारी रात्री शाखा बंद असताना काम सुरू झाले. बहुतेक राउटर सुरळीत पार पडले, त्यांच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. खंडव्याच्या राउटरने मात्र रीलोडची आज्ञा मिळताच विचारले: ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन हॅज बीन मॉडिफाइड. सेव्ह?’ म्हणजे कॉन्फिगरेशन बदललेले आहे, साठवू का? आम्ही तोवर एकाही अक्षराचा बदल केलेला नव्हता. या प्रश्नावर स्क्रिप्टने राउटरला हात न लावता यादीत नोंद करून पुढे जायचे, असे मी लिहून ठेवले होते.

शेजारी बसलेला धाकटा सहकारी म्हणाला, “दादा, ‘नो’ म्हणून टाकू या ना. एका राउटरसाठी यादी कशाला अपुरी ठेवायची?”

“आधी काय बदललंय ते तरी बघू,” मी म्हणालो.

साठवलेल्या आणि चालू कॉन्फिगरेशनमधला फरक काढला, तेव्हा एकच जादा ओळ दिसली: मुख्यालयाकडे जाणारा, पर्यायी लाइनवरून नेलेला एक स्थिर, म्हणजे हाताने लिहून दिलेला मार्ग. मुख्य लाइनचे इंटरफेस (राउटरवरचे जोडणीचे टोक) बंद होते. पावसात ती तुटली असताना कोणीतरी हा मार्ग घातला, शाखा चालू झाली, आणि तो साठवणे राहून गेले. राउटर त्यानंतर एकदाही बंद पडला नव्हता, म्हणून कोणाच्या लक्षातही आले नव्हते. ‘नो’ म्हणून पुढे गेलो असतो आणि पर्यायी लाइन नेमकी रीलोड रद्द करण्याच्या वेळी डळमळली असती, तर पुन्हा सुरू झालेल्या राउटरला मुख्यालयाचा रस्ताच माहीत नसता. खंडवा येथून सुमारे १३० किलोमीटर. सोमवारी सकाळी काउंटर उघडण्याआधी तेथे पोहोचणे म्हणजे पहाटेच निघणे. ‘येस’ म्हणणेही मला पटले नाही, कारण फरक न पाहता साठवायचे तर कोणाचा अर्धवट प्रयोगही कायमचा होऊन बसतो.

विभागप्रमुखांना फोन करून तो मार्ग खरोखर हवा आहे याची खातरजमा केली, तो साठवला आणि स्क्रिप्ट त्या एकट्या राउटरवर पुन्हा चालवली. या वेळी तिला प्रश्न आला नाही. सकाळपर्यंत यादीत फक्त काही फार जुने राउटर उरले. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एसएसएचची सोयच नसल्यामुळे त्यांच्यावरचे टेलनेट तूर्त आमच्या व्यवस्थापन-संगणकापुरते मर्यादित केले, आणि ते बदलण्याचा खर्च अंदाजपत्रकात मागितला.