पंखा आपोआप का बंद व्हायचा

आठवडाभर आईच्या खोलीतला पंखा मध्यरात्री आपोआप बंद पडायचा. तिची झोपमोड बघून जीव तुटायचा. वायरिंग तपासून घेतलं, रिमोटचे सेल बदलले, फरक शून्य.

आज शेजारच्या काकूंनी त्यांचा पंखा लावला आणि इकडे आमचा गरगरायला लागला! दोन्ही रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालणारे, पंख्याला ओळख पटवणारा कोडही एकच. टीव्हीच्या रिमोटचे इन्फ्रारेड किरण भिंतीशी अडतात, या रेडिओलहरी मात्र आरपार जातात.

रिमोटच्या सेलच्या कप्प्यात हा कोड ठरवणारे, तांदळाच्या दाण्याएवढे चार स्विच सापडले. त्यांच्या १६ जुळण्या होतात. मेन स्विच बंद करून रिमोटमध्ये आणि पंख्याच्या रिसीव्हरमध्येही चारपैकी दुसरा स्विच खाली केला. काकू टॉर्च धरून शेवटपर्यंत उभ्या होत्या.

आई आत्ता गाढ झोपली आहे.