ड्रायर घेण्याआधी एक क्विंटल कांदा वाळवून बघा

लासलगावला कांद्याचे भाव पडले की आपल्याकडच्या पोरांना हमखास एक धंदा सुचतो: कांदा वाळवून चकत्या नाहीतर पावडर विकायची. धंदा वाईट नाही. पण सगळे आधी कर्जाची फाईल करतात आणि कांदा नंतर सोलतात, तिथेच गणित फसतं.

ज्याच्याकडे ड्रायर आहे त्याच्याकडून जॉबवर्कवर, म्हणजे मजुरी देऊन, एक क्विंटल वाळवून घ्या, स्वतः तिथे उभे राहून. शेंडा, बूड आणि साल काढली की दहा-पंधरा किलो घट होते. स्वस्त म्हणून गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, घेतली तर घट वाढते, सोलायची मजुरीही वाढते. चकती तीन-चार मिलिमीटरची, सगळी एकसारखी. जाड-बारीक झाली तर बारीक करपते, जाड आतून ओली राहते आणि ती ओल पाकिटातला सगळा माल घालवते. तापमान ५५ ते ६० अंश. घाईने चढवलं की चकती तपकिरी पडते. वाळलेली चकती वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर पुन्हा ट्रेवर. शेवटी हाती नऊ-दहा किलो येतात.

म्हणजे कांदा किलोमागे एक रुपयाने चढला की तुमचा माल दहा रुपयांनी महागतो. दहा रुपयांचा कांदा धरून केलेला प्रकल्प अहवाल भाव पंचवीसवर गेला की रद्दी. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत, उन्हाळ कांदा भरपूर आणि ऊन कडक असताना, जमेल तेवढा वाळवून ठेवायचा. पावसाळ्यात नुसत्या सोलर ड्रायरच्या भरवशावर ट्रे भरले तर बुरशी ठरलेली.

गिऱ्हाईकही आधी शोधा. निर्यातीचा माल मुख्यतः पांढऱ्या कांद्याचा, आणि ते काम गुजरातेत महुव्याला एकवटलंय. आपल्या लाल कांद्यात पाणी जास्त, रंगही गुलाबी-तपकिरी येतो. त्याला मसालेवाले, फरसाणवाले, ग्रेव्ही करणारी हॉटेलं बघा. अर्धा किलो नमुना द्या. भाव विचाराच, पण पैसे किती दिवसांनी देणार तेही विचारा.

एवढं झालं की नाशिकला सातपूरच्या जिल्हा उद्योग केंद्रात जा. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात प्रवर्ग आणि ठिकाण बघून १५ ते ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचे पाच ते दहा टक्के घालावे लागतात. अनेकांचा घोळ इथे होतो: अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं, मग कर्जात वळतं होतं. त्यातून कांदा घेऊ म्हणाल तर जमणार नाही. शेतकऱ्याला पैसे रोख द्यायचे आणि तुमचं गिऱ्हाईक महिन्या-दीड महिन्याने देणार, तेव्हा निदान दोन महिन्यांचं खेळतं भांडवल प्रकल्प अहवालातच मागा. पोरं सगळी रक्कम मशीन आणि शेडवर दाखवतात, मग ऐन हंगामात ड्रायर रिकामा.