चिठ्ठी २०१५ ची, बाटली २०१८ ची

तीन वर्षांत वाईनवर मी जे पैसे घातले, त्यातले निम्मे तरी एका कागदाच्या चिठ्ठीपायी गेले. बाटलीच्या गळ्यात अडकवलेली नाहीतर फळीच्या कडेला डकवलेली ती चिठ्ठी. वर कुणा समीक्षकाने शंभरपैकी दिलेले ‘९३ गुण’, आणि खाली कौतुकाच्या दोन ओळी.

बाकी सगळं पटकन जमलं. लाल, पांढरी, रोझे, तुरट कशाला म्हणायचं, आंबट कशाला, हे महिन्याभरात कळलं. घोडं अडलं ते माफक पैशांत चांगली बाटली शोधण्यापाशी. मी मार्कांवर वाढलेली बाई. आकडा दिसला की माझा विश्वास बसतो.

तर अशीच एक स्पेनची लाल वाईन, ९३ गुणांची, ‘एवढ्या कमी पैशांत ९३!’ म्हणत उचलली. घरी ओतली तर पाणचट, आणि घशाशी नुसता आंबटपणा. वाटलं, चूक माझ्या जिभेची. दुसऱ्या दिवशी उरलेली परत चाखली, तरी तेच. मग ती चिठ्ठी बाटलीशेजारी ठेवून नीट वाचली. एकदम बारीक अक्षरात: २०१५. बाटलीवर: २०१८.

दुकानात गेले. विक्रेता म्हणाला, “मॅडम, कंपनी तीच आहे ना?” मी म्हटलं, वर्ष वेगळं आहे. तर म्हणे, “वर्षाने असा काय फरक पडतो?” याच गृहस्थाने आदल्याच आठवड्यात मला एक महागडी बाटली ‘त्या वर्षाची सर नाही कशाला’ म्हणून गळ्यात मारली होती! उघडलेली बाटली परत घेत नाही, हेही त्याने ऐकवलं.

फरक पडतो. द्राक्षांचं पीक वर्षातून एकदा. फुलोऱ्यात थंडी पडली, तोडणीच्या तोंडावर पाऊस आला की त्याच मळ्यातली, त्याच हातांनी केलेली वाईन वेगळी निघते. वर्षं लेबलावर छापतात ती त्यासाठीच.

मग मी हट्टाला पेटले. त्याच फळीपुढे उभं राहून एकेक बाटली तिरकी करून वर्ष वाचत गेले. विक्रेता मागे सुस्कारे टाकत होता, टाको. अकरा चिठ्ठ्या होत्या. वर्ष जुळलं चारांचं. तिघींवर वर्षच नव्हतं. दोन चिठ्ठ्या तर त्याच कंपनीच्या भलत्याच, वरच्या दर्जाच्या वाईनच्या. उरलेल्या दोन माझ्या बाटलीच्या बहिणी, वर्ष चुकलेल्या. हे मुद्दाम केलेलं होतं की आळसापोटी राहिलेलं, मला आजही सांगता येणार नाही. पण चुकीच्या चिठ्ठ्या एकजात बाटलीच्या फायद्याच्या होत्या, हे मात्र खरं.

रागारागात गुणांचा सगळाच कारभार वाचून काढला. जी १०० गुणांची पद्धत रॉबर्ट पार्कर या अमेरिकन वाईन समीक्षकामुळे जगभर रूढ झाली, ती सुरूच होते ५० पासून. म्हणजे काठावर लटकणारी वाईनसुद्धा प्रथम श्रेणीत! स्पर्धांतल्या पदकांचंही तसंच. रॉबर्ट हॉजसन नावाच्या संख्याशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांनी, जे स्वतः वाईन करत, कॅलिफोर्निया स्टेट फेअर या जत्रेतल्या वाईन स्पर्धेच्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाईन न सांगता तीनदा चाखायला लावली. तिन्ही वेळा साधारण सारखा निकाल देणारे निघाले दहातला एक. हा अभ्यास २००८ चा. मी तो वाचला तेव्हा घरात सुवर्णपदकाचं स्टिकर लावलेल्या दोन बाटल्या होत्या.

तेव्हा गुण बघायचे असतील तर तीन गोष्टी बघा: कोणी दिले, कोणत्या वाईनला, कोणत्या वर्षाच्या. एवढं चिठ्ठीवर नसेल तर ती नुसती शोभेची.

लेबलावरच्या ‘रिझर्व्ह’ या शब्दाचंही सांगायचं राहिलं. स्पेनच्या रिओहात ‘रेसेर्वा’ लाल वाईन म्हणजे किमान तीन वर्षं मुरवलेली, त्यातलं किमान एक वर्ष ओक लाकडाच्या पिंपात. तिथे त्या शब्दाला कायदा आहे. अमेरिकेत ‘रिझर्व्ह’ला तसा कायदेशीर अर्थ नाही, वाटेल त्याने छापावं. आणि जड बाटली म्हणजे भारी वाईन, असंही नसतं. ते पैसे काचेचे.

माझी खरी सुटका केली नणंदेने. तिने तीन बाटल्या आणल्या: एक स्वस्त, एक तिच्या दुप्पट किमतीची, एक पाचपट. तिघींना मोजे चढवले (धुतलेले होते, मी विचारून घेतलं) आणि वर आकडे लावले. मी दोन नंबरचा घोट घेऊन ऐटीत म्हटलं, “व्हॅनिला, ओक... ही महागडी.” मोजा उतरवला तर सगळ्यांत स्वस्त! “वहिनी, अजून एक घोट घ्या,” म्हणून ती हसत बसली.

त्याचं कारण नंतर कळलं. २२५ लिटरच्या ओकच्या पिंपातून निघतात ३०० बाटल्या, आणि नवं पिंप महाग. स्वस्त वाईनमध्ये टाकीतच ओकचे तुकडे घालून तो वास आणतात. मी नेमकी त्या वासाला भुलत होते. महागडी बरी होती, पण पाचपट? छे. गप्पांच्या नादात आधी रिकामी झाली ती दुप्पट किमतीची. तेव्हापासून मी तेच माप धरलंय.

याला हिशेबही आहे. काच, बूच, वाहतूक यांचा खर्च स्वस्त बाटलीलाही जवळपास तेवढाच लागतो, त्यामुळे सगळ्यांत खालच्या फळीवरच्या बाटलीत वाईनच्या वाट्याला फार थोडे पैसे येतात. एखाददुसरी पायरी चढलात की वाढीव पैशांतले बरेचसे द्राक्षांवर जातात. फार वर गेलात की मग मोजायचे ते नावाचे आणि दुर्मीळपणाचे.

म्हणून मी नाव सोडून शेजार धरते. शॅम्पेनऐवजी फ्रान्सचीच क्रेमाँ. बुडबुडे आणण्याची रीत तीच, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवायची. बरगंडीऐवजी तिच्या दक्षिणेला बोजोलेतल्या मॉर्गों किंवा फ्लरी या भागांची. पोर्तुगालच्या दाओं भागातली, दक्षिण आफ्रिकेची जुन्या वेलींची पांढरी शेनिन ब्लाँ. रीसलिंग ही पांढरी वाईन गोडच असते या समजामुळे लोक ती टाळतात, आपलं फावतं. कोरडी, म्हणजे गोड नसलेली, हवी तर जर्मन लेबलावर ‘ट्रोकन’ शोधायचं. आणि स्पेनची कोरडी फिनो शेरी: वर्षानुवर्षं मुरवलेली, तरी भाव पडलेला. मात्र उघडली की आठवड्याभरात संपवावी लागते. ती अडचण आमच्याकडे अजून आलेली नाही.

एक विसरले. लाल वाईन उकाड्यात तशीच ओतू नका, थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा. १६-१७ अंशांना चांगली लागणारी वाईन ३० ला नुसती दारूसारखी झोंबते. त्या ९३ गुणवालीलाही मी ही संधी दिली होती. थंडगार पाणचट लागली.