आमचे ६४ पत्ते काळ्या यादीतून सुटले तेव्हा

“भाऊ, मेल जाऊन नही राहिले. सगळे वापस येऊन राहिले.” सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याचा सकाळी ७ वाजता फोन. माल कापलेला, कंटेनरचे कागद मेलने जायचे. रावेर-सावदा भागात मी ११ वर्षं इंटरनेट देतोय, पण नेट चालू आणि मेल बंद, हे पहिल्यांदाच पाहिलं.

त्याच्या ऑफिसात स्वतःचा मेल सर्व्हर आहे. परत आलेली मेल उघडली तर ५५०चा नकार, म्हणजे समोरचा सर्व्हर मेल घेतच नाही, आणि एका काळ्या यादीचं (स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या यादीचं) नाव. तिथे शोधलं तर २५६ आयपी पत्त्यांचा (इंटरनेटवरच्या जोडण्यांचे नंबर) अख्खा पट्टाच अडवलेला. त्यातले ६४ आमचे, बाकीचे वरच्या कंपनीने, म्हणजे आम्ही जिच्याकडून नेट घेतो तिने, आणखी कोणाकोणाला दिलेले.

आधी आपलं घर तपासलं. २५ नंबरच्या पोर्टवरून (मेल सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती वाट) बाहेर काय जातंय ते बघत रात्री दीडपर्यंत राउटरसमोर बसलो. एकाच कनेक्शनवरून मेलचा पूर सुटलेला. सकाळी तिथे गेलो. केळी पिकवायची रायपनिंग चेंबर, भिंतीवर कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा), डब्यावर केळीच्या चिकाचे काळे ठसे. घरून कॅमेरे दिसावेत म्हणून मालकाने आमच्याकडूनच स्थिर पत्ता घेतलेला, आणि पासवर्ड कारखान्यातून आला तसाच. त्यातूनच कोणीतरी आत शिरून डीव्हीआरमधून स्पॅम सोडत होतं.

पासवर्ड बदलला, नवं फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) चढवलं. मग २५ पोर्ट सगळ्यांना बंद केलं, स्वतःचे सर्व्हर असलेल्यांचे पत्ते तेवढे मोकळे ठेवले. घरगुती गिऱ्हाइकाची मेल ५८७वरून जाते, त्याचं काही अडत नाही. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

यादीवाल्यांचं उत्तर आलं: पट्टा ज्याच्या नावावर, त्यानेच अर्ज करायचा. वरच्या कंपनीला फोन, तिकीट, पुन्हा फोन. तक्रारींची मेलपेटी तिथे कोणी उघडतच नव्हतं, म्हणून एक-दोन पत्त्यांची बंदी २५६वर गेलेली. शेवटी लॉग (राउटरमधल्या नोंदी), वेळा, लावलेला नियम जोडून अर्ज मीच लिहून दिला, त्यांनी पुढे पाठवला. नवव्या दिवशी पट्टा सुटला. तोवर व्यापारी कागद मुलाच्या खासगी मेलवरून पाठवत होता, आणि समोरचा दरवेळी फोन करून विचारायचा, “हे तुम्हीच ना?”

अडवलं ते चूक, असं मी म्हणणार नाही. अडवलं नसतं तर तो डीव्हीआर अजून तसाच चालू असता. पण आशिया-पॅसिफिकचा आयपीव्ही४चा, म्हणजे याच जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा, मोकळा साठा एप्रिल २०११मध्येच आटला. आमच्यासारखे ४०-५० घरं एका पत्त्यामागे बसवतात. पट्टा अडवला की किती बिनदोष माणसं अडतात, ते अडवणाऱ्याला दिसत नाही.

गेल्या महिन्यात परदेशातल्या एका पट्ट्यातून रात्रभर आमच्या राउटरवर लॉगिनचे प्रयत्न झाले. पत्ते तीनच. रागात २५६चा नियम लिहूनही झाला होता. तो पुसला, तिघांना ७ दिवसांच्या मुदतीने अडवलं आणि त्यांच्या ऑपरेटरला लॉगसकट मेल टाकली. उत्तर अजून नाही. पुन्हा झालं तर पट्टा अडवीन, पण तेव्हाही मुदत घालूनच.