तुम्ही विचारलंत म्हणून: तो कुईकुई आवाज

"हा कुईकुई आवाज कसला?" आणि मग लगेच, "अरे मग गॅरेजला का देत नाहीस?" माझ्या शेजारच्या सीटवर बसलेल्या प्रत्येकाने हे दोन प्रश्न विचारून झालेत. इतके दिवस "देऊ, बघू" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच सांगतो, परत विचारू नका.

आवाज डॅशबोर्डचा आहे. तो मी काढून परत बसवलाय. हो, अख्खा. हो, घरी.

गॅरेजचं आधी सांगतो. मागे ब्लोअर, म्हणजे एसी-हीटरचा पंखा, फक्त ४ नंबरवर चालायचा, १-२-३ वर ढिम्म. गॅरेजवाला म्हणाला मोटर गेली, मोटर बदलली, पैसे घेतले आणि घरी येईपर्यंत परत तेच. अहो, मोटर गेली असती तर ४ वर तरी कशी फिरली असती? खालच्या स्पीडचा करंट तो कमी करणाऱ्या रेझिस्टरमधून जातो, ४ चा थेट, म्हणजे गेलेला होता रेझिस्टर. ग्लव्ह बॉक्सच्या मागे दोन स्क्रूवर बसलेला, मी २० मिनिटांत बदलला. आणि तिथेच घात झाला, कारण मला वाटायला लागलं की आपल्याला हे जमतं.

मग एक दिवस शेजारच्या सीटपुढचं कार्पेट ओलं आणि पुढची काच आतून धुरकट. मी जाहीर केलं, हीटर कोर लीक. डॅशबोर्डच्या पोटात एक छोटा रेडिएटर असतो, इंजिन गार ठेवणारं कूलंट गरम होऊन त्यातून फिरतं, तो फुटला की सगळं पायाशी. लक्षणं तंतोतंत जुळत होती.

म्हणजे, जुळत नव्हती. मी बोट लावून बघितलं होतं. कार्पेटवर दाबलं, चोळलं, नाकाशी नेलं. कूलंट असतं तर बुळबुळीत लागलं असतं, रंग दिसला असता, गोडसर वास आला असता. बोटावर होतं ते साधं पाणी. काचही फडक्याच्या एका हातात लख्ख झाली, कूलंटचा तेलकट थर तसा निघत नाही, नुसता फासला जातो. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं! पण सुट्टी काढून झाली होती, पाने आणून झाले होते, घरात सगळ्यांना सांगून झालं होतं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, एअरबॅग चुकून उघडू नये म्हणून थांबायचं तेवढं थांबून सुरुवात केली. दोन दिवस. स्क्रू डब्यांच्या झाकणात, प्रत्येक झाकणावर चिठ्ठी. प्लॅस्टिकच्या क्लिपा ओढताना टक्, टक् करत तीन तुटल्या, प्रत्येक वेळी मी "काही नाही, काही नाही" असं मोठ्याने म्हणालो, कुणाला ते माहीत नाही. दुसऱ्या संध्याकाळी हीटर कोर हातात आला. नळ्यांच्या तोंडातून उरलंसुरलं कूलंट ठिबकत होतं तेवढंच, बाकी अंगावर ओल नाही की सुकलेला डाग नाही. दिव्याखाली धरून उलटासुलटा केला. ठणठणीत. बायको दारात उभी राहून म्हणाली, "मग पाणी कुठून येतंय?"

एसीच्या ड्रेन पाईपमधून. म्हणजे येतंय नाही, जात नव्हतं. एसीची कॉइल हीटर कोरच्याच डब्यात असते, तिच्यावर जमणारं पाणी खालच्या बारीक नळीतून बाहेर पडतं, ती माती-पाल्याने तुंबली होती. गाडीखालून वायर घातली, भसकन पाणी आलं, संपलं. डॅशबोर्डला हातही लावायची गरज नव्हती.

आणि एवढ्यावर भागलं का? धडधाकट हीटरचे पाईप मी काढले होते, त्यामुळे जोडल्यावर आत हवा अडकली, हीटरमधून गार वारा आणि टेंपरेचरचा काटा वर वर. गाडी बंद करायची, पूर्ण गार होऊ द्यायची, मगच रेडिएटरचं झाकण उघडायचं, हीटर फुल ठेवून चालू करायची आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट ओतत बसायचं. तीनदा केलं.

मी म्हणतो गॅरेजवाल्यानेही कोरच बदलला असता, वर बिल लावलं असतं. बायको म्हणते त्याने क्लिपा तरी तोडल्या नसत्या. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पैसे वाचतात हे कारणही आता सांगत नाही, हिशोब करून बघितलाय. दुसऱ्याने बॉनेटमध्ये डोकं घालून काहीतरी सांगायचं आणि आपण शेजारी उभं राहून मान हलवायची, ते मला सहन होत नाही, एवढंच.

हल्ली गरम-थंडचं बटण फिरवलं की आतून टकटकटक असा दुसराच आवाज येतो, तो अजून कुणी विचारलेला नाही. हवेची झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या गिअरचे दात गेले असणार. ग्लव्ह बॉक्स काढून हात पोचतो असं दिसतंय. डॅशबोर्ड काढावा लागणार नाही, बहुतेक.